आधुनिक कवितेतली श्रद्धा: खरी, की कामापुरती?

प्रश्न: मी सोलापुरात एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेचा विषय आहे 'आधुनिक कवितेतील धर्मश्रद्धा आणि फलप्रामाण्यवाद'. फलप्रामाण्यवाद म्हणजे प्रॅग्मॅटिझम, विचाराची पारख त्याच्या परिणामांवरून करणारं तत्त्वज्ञान. त्यासाठी विल्यम जेम्स वाचतो आहे. त्याच्या मते जी श्रद्धा उपयोगी पडते ती खरी. मग मर्ढेकरांची प्रार्थना, कोलटकरांची जेजुरी, कुसुमाग्रजांचा गाभारा यांतली श्रद्धा खरी मानायची की कामापुरती? आणि एका अमेरिकन तत्त्वज्ञाचा आपल्या कवितेशी संबंध जोडणं ओढूनताणून होईल का?

उत्तर:

ओढूनताणून होणार नाही, पण धागा कुठे बांधायचा ते आधी ठरवायला हवं. तुम्ही तो 'उपयोगी ते खरं' या वाक्याला बांधलाय आणि तिथेच तो निसटतो. मी बरीच वर्षं आपल्याच गावात कविता शिकवली. या विषयावरच्या प्रबंधिका वाचताना एक गोष्ट नेहमी दिसायची. जेम्स पहिल्या प्रकरणात थाटात येतो, दोन अवतरणं देतो आणि मग शेवटपर्यंत फिरकत नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून थोडी लांबण लावतो.

१८७७ साली क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने बजावलं की पुरेसा पुरावा नसताना कशावरही विश्वास ठेवणं कुणालाही, कुठेही, केव्हाही गैरच. त्याचं उदाहरण एका जहाजमालकाचं आहे. जहाज जुनं झालंय, डागडुजीला आलंय हे मालकाला ठाऊक असतं. पण आजवर तरलं तसं यापुढेही तरेल, देव आहेच, अशी मनाची समजूत घालून तो उतारूंसकट ते समुद्रात सोडतो. जहाज बुडतं आणि हा विम्याचे पैसे गाठीला बांधतो. जेम्सने १८९६च्या व्याख्यानात क्लिफर्डला उत्तर दिलं. पण त्या उत्तरातसुद्धा हा मालक सुटत नाही, आणि हेच विद्यार्थ्यांच्या वाचनातून राहून जातं. जेम्स श्रद्धेला मुभा देतो ती अटी घालून. समोरचा पर्याय त्या माणसाला जिवंत वाटणारा हवा, टाळता न येणारा हवा, आयुष्यावर परिणाम करणारा हवा. आणि पुराव्यावरून त्याचा निकाल लावता येत नाही अशी परिस्थिती हवी. जहाजाची फळी कुजली आहे का, हे खाली उतरून बघता येतं. तिथे श्रद्धेचं कामच नाही. याउलट डोंगरात अडकलेला माणूस, ज्याला दरीवरून उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही, त्याची गोष्ट निराळी. आपल्याला जमेल असं त्याला वाटलं तर पाय नीट पडतात, आणि शंकेने घेरलं तर तो कडेलाच घसरतो. विश्वास तिथे निकालाचाच एक भाग असतो.

पुढे बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाने फलप्रामाण्यवादाची खिल्ली उडवली की या हिशेबाने सांताक्लॉजही खराच मानावा लागेल. 'उपयोगी ते खरं' एवढंच जेम्सचं म्हणणं असतं तर ही चेष्टा वर्मी लागली असती. पण सांताक्लॉज हा कुठल्याही जाणत्या माणसापुढचा जिवंत पर्याय नाही. कवितेच्या अभ्यासकाला जेम्सकडून घेण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच, की पर्याय जिवंत आहे की मेलेला हे माणसामाणसावर ठरतं. एकीला जो पर्याय धगधगता वाटतो तो दुसऱ्याला थंडगार वाटेल. कवितेतल्या निवेदकापुढे श्रद्धा कोणत्या अवस्थेत उभी आहे, हा प्रश्न ओळी वाचून सोडवता येतो. कवी मनातून आस्तिक होता का, हा प्रश्न मात्र कुठल्याच ओळीवरून सुटत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमच्या तीन कविता. त्यातली पहिली मी कुसुमाग्रजांची घेईन, कारण तुम्ही जेम्सच्या तोंडी घातलेलं वाक्य तिथे जवळपास जसंच्या तसं सापडतं. कवितेत कुणीतरी देवळाच्या दाराशी आपलं स्वागत करतो आणि सांगतो की सध्या देव आत नाही, पण गाभारा आहे, चौथरा आहे, आरती आहे, घंटा आहे. तूर्त गाभाऱ्याचंच दर्शन घ्या, असा सल्लाही देतो, आणि वर कारण पुरवतो: 'गाभारा सलामत तर देव पचास.' बोलतंय कोण ते बघा. हा भक्त नाही, पुजारीही नाही. हा व्यवस्थापकीय आवाज आहे. मजकुराला नोटीसबोर्डाचा वास आहे. श्रद्धेचा उपयोग होतो ना, मग ती कशावर आहे ते कशाला विचारता, असा त्याचा युक्तिवाद. कुसुमाग्रज ज्याच्यावर कोरडे ओढतात तो हा स्वस्तातला फलप्रामाण्यवाद. क्लिफर्डच्या जहाजमालकाने देऊळ काढलं असतं तर असाच बोलला असता. 'श्रद्धा कामापुरती' या तुमच्या शंकेचं प्रकरण या एका कवितेवर उभं राहील.

मर्ढेकरांच्या प्रार्थनेत याच्या नेमकं उलट घडतं. 'भंगू दे काठिन्य माझे / आम्ल जाऊ दे मनीचे' ही कविता आपण शाळेपासून ऐकतो, त्यामुळे ती सवयीने वाचली जाते. एकदा कागद घेऊन बसा आणि त्यातली क्रियापदं तेवढी खाली उतरवून काढा. भंगू दे, जाऊ दे, येऊ दे, गळू दे, राहू दे, जळू दे, थिजू दे, वाकू दे. ज्याच्याकडे मागणं घातलंय त्याचं नाव, रूप, आयुधं, वाहन यातलं काही येत नाही. मागणाऱ्याला पाऊस नको, मूल नको, मोक्षही नको. त्याला स्वतःच्या जिभेत, मनात, बुद्धीत काही मोडायला आणि काही घडायला हवंय. प्रार्थनेचा परिणाम प्रार्थना करणाऱ्यावरच तपासायचा आहे. जेम्सनेही १९०२च्या ग्रंथात धर्मानुभवाचं मर्म प्रार्थनेत धरलं, आणि तिथे खरोखर काहीतरी काम घडतं असं म्हटलं. मर्ढेकरांनी तिथून काही घेतलं असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. दोघं स्वतंत्रपणे एकाच जागी पोचतात, एवढं नोंदवलं तरी पुरे.

याच कवितेत पुढे येतं: 'भावनेला येऊ दे गा / शास्त्र-काट्याची कसोटी.' या ओळीवरून वर्गात दरवर्षी वाद व्हायचा. देवाकडे कुणी कसोटी मागतं का? भक्ताने कसोटी टळावी म्हणून हात जोडायचे असतात. इथे माणूस हात जोडून म्हणतोय की माझी भावना ताजव्यात घाल, खोटी निघाली तर निघू दे. आणि तो काटा शास्त्राचा आहे, धर्माचा नाही. त्याच मागण्यात थोड्या अंतराने 'वाकू दे बुद्धीस माझ्या / तप्त पोलादाप्रमाणे' असंही आहे. पोलाद वाकतं ते तापल्यावर, आणि वाकल्यावरही पोलादच राहतं. बुद्धी गहाण टाकायची तयारी यात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लिहिणाऱ्या कवीपुढे श्रद्धा हा जिवंत पर्याय होता आणि संशयही तितकाच जिवंत होता. त्याने दोन्ही एकाच श्वासात धरले. मराठीत श्रद्धा आणि फलप्रामाण्य यांची सगळ्यात चोख गाठ मला इथे दिसते. प्रबंधिकेतली निम्मी पानं या एका कवितेला दिली तरी वाया जाणार नाहीत.

एक कविता तुमच्या यादीत नाही आणि सोलापूरकराच्या यादीत ती नसावी याचं नवल वाटतं. आपले कवी कुंजविहारी यांची 'भेटेन नऊ महिन्यांनी'. फासावर जाणारा तरुण आईला सांगतो की शोक आवर, मी पुन्हा जन्म घेऊन नऊ महिन्यांनी तुला भेटेन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. या गावात ही कविता वाचताना ती नावं बाजूला ठेवता येत नाहीत. आता पुनर्जन्माचा सिद्धान्त इथे काय करतो ते पाहा. शास्त्रात जन्ममरणाचा फेरा चुकवायचा असतो. हा तरुण तो फेरा मागून घेतोय, आणि तोही लगेच, मुदत घालून. कर्म, पाप-पुण्य, कितवी योनी, कशाचाच हिशेब नाही. सिद्धान्तातला फक्त एक भाग त्याने उचललाय: आईला धरून ठेवायला आणि स्वतःचा पाय डगमगू न द्यायला लागतो तेवढा. दरीपुढे उभा असलेला जेम्सचा माणूस मला या कवितेत दिसतो. हे आधुनिक धाडस आहे असं मात्र समजू नका. 'तुका म्हणे गर्भवासी / सुखे घालावे आम्हासी' हे तुकोबांनी कधीच मागून ठेवलंय. प्रेमापोटी सिद्धान्ताला वाकवायची मुभा आपल्या परंपरेनेच दिलेली आहे. इथे परीक्षक विचारतील, पुनर्जन्म न मानणाऱ्या वाचकालाही ही कविता का भिडते? माझं उत्तर असं की वाचकापुढे पुनर्जन्म हा पर्याय मेलेला असला तरी कवितेतल्या आईपुढे तो जिवंत आहे, आणि वाचक तिच्या जागी बसून ऐकतो. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. पण प्रश्न टाळू नका.

सोलापुरात बसून लिहिताय तर आणखी एक जुना वाद हाताशी आहे. बाराव्या शतकातले आपले सिद्धरामेश्वर स्वतः कन्नड वचनकार होते. शरणांमधलं, म्हणजे वीरशैव संतांमधलं 'कायकवे कैलास' (काम हाच कैलास) हे वचन त्यांनी फावड्याने खरं केलं, तळं खोदवलं, ६८ लिंगं स्थापली. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात कथा येते की शरणांमधले ज्ञानी अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आताच्या सोलापूरला आले तेव्हा खोदकाम चालू होतं. 'तो वड्डर सिद्धराम कुठाय?' असं त्यांनी मजुरांना हिणवून विचारलं. दगडमातीची कामं करून आत्मज्ञान होतं का, असा त्यातला डंख. वादाचा शेवट कथेत असा होतो की सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला जातात. तळं मात्र इथेच राहिलं, पाणी आजही आहे. श्रद्धेचं मोल बाहेर झालेल्या कामावर ठरवायचं की आत झालेल्या बदलावर, हा वाद अमेरिकेत १८७८ साली तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सच्या लेखातून सुरू झाला असं पुस्तकात वाचाल. आपल्याकडे तो पार त्याच्याआधी तळ्याच्या काठावर होऊन गेला. तिकडे अरणला सावता माळी 'कांदा मुळा भाजी / अवघी विठाबाई माझी' म्हणून मळ्यातच थांबले, तोही याच जिल्ह्यातला धागा.

इथे जेम्स तोकडा पडतो, हेही लिहा. त्याने धर्माची व्याख्या एकट्या माणसाच्या एकांतातल्या अनुभवावर बेतली. आपल्याकडे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या निघतात. त्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी गल्लीबोळांत रात्री सुरू होतो. उंच काठी पेलणारा घामाघूम झालेला, भोवती चार जण हात पुढे करून सावध, वडीलधारे ओट्यावरून 'दमानं, दमानं' म्हणताहेत. त्या पोराला 'तुझा विश्वास आहे का रे?' असं कुणी विचारत नाही. तोल गेला की नाही एवढंच बघतात. श्रद्धा इथे अंगात आणि सरावात मुरलेली आहे, चार घरांत वाटलेली आहे. वारीचंही तेच. मराठी कवितेतला 'आम्ही' समजून घ्यायला जेम्सच्या जोडीला जॉन ड्युई हा दुसरा अमेरिकन फलप्रामाण्यवादी लागतो.

आणि ड्युई आपल्याकडे थेट आलेला आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा ड्युई तिथे शिकवत. १९३६च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेब त्यांचा 'माझे शिक्षक' असा ऋण मानून उल्लेख करतात, आणि त्याच भाषणात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद करतात. धर्म माणसाला काय करायला लावतो, शेजाऱ्याशी कसं वागायला लावतो, या कसोटीवर त्यांनी धर्म पारखला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात निर्णय अमलात आणला. बुद्धाच्या तराफ्याचा दृष्टान्त तुम्हाला माहीत असेलच: नदी ओलांडायला तराफा हवा, पैलतीरी गेल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडायचं नसतं. फलप्रामाण्यवाद मराठी कवितेत आला तो या वाटेने. माझ्या मते तुमच्या प्रबंधिकेचा कणा इथे आहे, आणि तुमच्या प्रश्नात दलित कवितेचा उल्लेखच नाही.

मंगळवेढ्याच्या चोखोबांपासून सुरुवात करा. 'धाव घाली विठू आता चालू नको मंद / बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.' यात देवावर श्रद्धा आहेच, पण सोबत तातडीची फिर्याद आहे. विठू धावला का, हे अभंगात कळत नाही. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हायला १९४७चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. मग १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' येतो. तिथे फिर्याद करायला देव समोर उरलेलाच नाही. प्रश्न विचारला जातो तो व्यवस्थेला आणि वाचकाला. चोखोबांपुढे जो पर्याय जिवंत होता तो ढसाळांच्या निवेदकापुढे मेलेला आहे, आणि तो कसा मेला याचा इतिहास मधल्या सहाशे वर्षांत आहे. 'दलित कविता नास्तिक आहे' असं एका ओळीत उरकू नका. धम्म, बुद्ध, भीम ही नावं पुढच्या कवितेत कोणत्या क्रियापदांबरोबर येतात ते मर्ढेकरांसारखंच तपासा. कुठे ती माणसाला उभं करतात आणि कुठे त्यांचाच नवा गाभारा होतो, हे दोन्ही सापडेल. दुसरं सापडलं तर लिहायला कचरू नका.

पाश्चात्य कवी किती घ्यायचे? कमीत कमी. वॉलेस स्टीव्हन्स मात्र घ्या. हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर काम करणारा हा कवी. १९१५च्या त्याच्या कवितेत रविवारी सकाळी एक बाई चर्चला न जाता कॉफी आणि संत्री घेऊन निवांत बसलेली आहे. पुढे त्याने टिपून ठेवलं की अखेरची श्रद्धा ठेवायची ती कल्पितावर, आणि ते कल्पित आहे हे जाणूनबुजून. याच्या मागे जेम्सचा विद्यार्थी आणि सहकारी, तत्त्वज्ञ सांतायाना आहे. त्याच्या १९००च्या पुस्तकात म्हटलंय की कविता आयुष्यात ढवळाढवळ करू लागली की तिला धर्म म्हणतात. कवी टी. एस. एलियट या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला. १९२७ साली त्याने अँग्लिकन पंथाची दीक्षा घेतली, आणि कवितेने धर्माची जागा घ्यावी ही कल्पना त्याला साफ नामंजूर होती. मराठीत एलियटचं नाव मर्ढेकरांमुळे फार घेतलं जातं. पण श्रद्धेच्या बाबतीत मर्ढेकर एलियटच्या वाटेने गेले नाहीत, हा मुद्दा दोन परिच्छेदांत मांडता येईल. विंदांच्या 'अष्टदर्शना'त आठ तत्त्वज्ञ आहेत, त्यात जेम्सचा मित्र बर्गसाँ आहे, आपला चार्वाक आहे, पण खुद्द जेम्स नाही. गमतीची गोष्ट आहे, तळटीपेत टाका. प्रकरण करू नका.

राहिले कोलटकर, आणि इथे तुमचा चष्मा काढून ठेवावा लागेल. जेम्सचा आग्रह असा की धर्माच्या बाबतीत निवड टाळताच येत नाही. न निवडणं हीसुद्धा निवडच. 'जेजुरी' वाचताना हा आग्रह हळूहळू विरघळतो. एका कवितेत मनोहर उघडं दार बघून आणखी एक देऊळ समजून आत जातो, तर तो गोठा निघतो. दुसऱ्या कवितेत मकरंद शर्ट काढून पूजेला जायला नकार देतो, तुम्ही खुशाल जा म्हणतो, फक्त जाताना काडेपेटी मागून घेतो आणि अंगणात सिगारेट ओढत थांबतो. कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी कुणाला पटवत नाही. दगड कुठला आणि देव कुठला याची सीमारेषा तिथे जेमतेम आहे असं कवी नोंदवतो, आणि त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे न सांगता पुढे चालू लागतो. वर्गात बाळ्याच्या खंडोबाला दरवर्षी जाणारी मुलं ही कविता ऐकून चिडायची नाहीत, हसायची. त्यांच्या घरी मनोहरही होता आणि मकरंदही. श्रद्धेने काय घडतं हे विचारायच्या आधी नुसतं टक लावून बघणं, ही कोलटकरांची रीत फलप्रामाण्यवादात बसत नाही. तुमची चौकट जिथे मोडते ती जागा दाखवणारी कविता प्रबंधिकेत असणं चांगलंच. तिला शेवटी ठेवा आणि ती बसवायचा खटाटोप करू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. इंग्रजी 'जेजुरी' १९७६ची. तिला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठी 'जेजुरी' कोलटकर गेल्यानंतर पुस्तकरूपाने आली. एकीला दुसरीचा अनुवाद धरून अवतरणं देऊ नका, दोन्ही समोर ठेवून वाचा. मार्गदर्शक हरकत घेतील ती बहुधा कुंजविहारींवर, 'ते आधुनिक कसे?' म्हणून. तेव्हा त्यांना मर्ढेकरांचं प्रकरण आधी द्या आणि हे त्याच्यामागून.